नोटिशीवरचा गोल शिक्का

मी निवृत्त झाले त्या दिवशी कॉलेजने मला मानपत्र दिलं. जाड कागद, सोनेरी किनार, खाली प्राचार्यांची सही आणि सहीवर अर्धा चढलेला निळा गोल शिक्का. ग्रंथपाल या नात्याने मी म्हणे 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी अथक परिश्रम घेतले आणि ज्ञानाची दारे सर्वांसाठी खुली केली'. दुसऱ्या दिवशी तो कागद स्कॅन होऊन कॉलेजच्या वेबसाइटवर गेला. तिसऱ्या दिवशी भांडगावहून सुवर्णाचा फोन आला.

"मॅडम, कालिजच्या साइटवर तुमचं कायतरी आलंय म्हंत्यात. माझा फोन नुस्ता इमेज म्हंतोय. काय हाय ते?"

"काही नाही गं, निरोपाचा फोटो आहे," मी म्हटलं आणि विषय बदलला.

सुवर्णाला दिसत नाही. जिच्यासाठी केलेल्या कामाचं मानपत्र मिळालं, तिलाच ते वाचता येत नाही, आणि एवढ्या मोठ्या कॉलेजात हे एकालाही खटकलं नाही. या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलंय की ग्रंथालयातल्या गमतीजमती लिहा, सणासुदीचं हलकंफुलकं द्या. ही पहिली गंमत झाली. आता पुढच्या ऐका.

आमचं कॉलेज दौंड तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण तशी कॉलेजं पुष्कळ आहेत आणि ज्यांना राग यायचा त्यांना तो नावाशिवायही येईल. ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी-घेणारी बाई, असा लोकांचा समज असतो. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत पुस्तकं हे सर्वांत कमी काम होतं. विद्यापीठाच्या ई-ग्रंथालयाचे पासवर्ड वाटणं, प्राध्यापकांच्या नोट्स साइटवर चढवणं, कॉलेजच्या नोटिसा साइटवर आणि विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकणं, हे सगळं माझ्या गळ्यात होतं. का, तर 'बाईंना कॉम्प्युटर येतो'. प्राध्यापकांना येत नव्हता असं नाही. त्यांनी येतो असं कबूल केलं नव्हतं.

सुवर्णा पहिल्या वर्षाला आली ती मामाबरोबर. मामा पाटसला साखर कारखान्यात कामाला. वडील नाहीत, त्यामुळे घरातला शेवटचा शब्द त्याचा. ती चौथीत असताना तापात तिची नजर गेली. तोवर ती लिहायला-वाचायला शिकलेली होती, पाटीवर तिचं अक्षर वर्गात एक नंबर होतं, हे तिनेच मला पहिल्या दिवशी सांगितलं. आणि विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं आमच्यासाठी कम्प्युटर हाय ना? साइटवर लिवलंय."

होता ना. मूल्यांकनाची समिती येणार म्हणून घेतलेला होता. 'दिव्यांग कक्ष' अशी पितळी पाटी, टेबल, कॉम्प्युटर आणि प्लास्टिकमधून न काढलेले हेडफोन. खोलीला कुलूप, किल्ली प्राचार्यांच्या ड्रॉवरमध्ये, कारण बाहेर ठेवली तर चोरी होईल. ग्रंथालयाच्या दाराशी उतार बांधला होता, पण तो जिथे संपायचा तिथे ग्रॅनाइटचा चांगला दोन इंची उंबरा होता. समिती आली त्या दिवशी उताराच्या दोन्ही कडांना झेंडूच्या कुंड्या मांडल्या. सुवर्णाची काठी तिसऱ्या कुंडीला लागली आणि कुंडी फुटली. शिपाई तिच्यावर ओरडला.

त्याच दिवशी फोटो काढायचा होता. सुवर्णाला कॉम्प्युटरसमोर बसवलं, हेडफोन कानाला लावले. समितीचे तीन लोक मागे उभे. तिने हळूच मान वळवून मला विचारलं, "मॅडम, ह्यो बंद हाय ना?"

बंदच होता. तारेचा प्लग भिंतीत नव्हताच.

"मंग मी काय करू?"

फोटोग्राफर म्हणाला, "जरा बोटं कीबोर्डवर ठेवा. आणि हसा." ती हसली. तो फोटो पुढे कॉलेजच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर आला. मी बाजूलाच उभी होते. फोटोत माझ्या साडीचा काठ दिसतो. त्या वेळी मी तोंड उघडलं नाही याची मला आजही चीड येते.

दुसऱ्या दिवशी मात्र मी प्राचार्यांच्या केबिनबाहेर खुर्ची टाकून बसले. किल्ली मिळेपर्यंत ग्रंथालय उघडणार नाही म्हटलं. दुपारी किल्ली मिळाली, आणि 'तुमचा स्वभाव जरा तापट आहे' असा शेराही मिळाला. आहे. पुढेही राहील.

आता हे काम काय असतं ते सांगते, कारण प्राचार्यांनाही ते कळलं नव्हतं. न दिसणाऱ्याच्या फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये एक आवाज बसवलेला असतो. पडद्यावर जी अक्षरं असतील ती तो बोलून दाखवतो. सुवर्णाच्या फोनचा आवाज इतका भराभर बोलायचा की मला शब्द कळायचा नाही, तिला सगळं कळायचं. पण अक्षरं म्हणजे टाइप केलेली अक्षरं. छापलेल्या कागदाचा फोटो काढून पडद्यावर ठेवला की आपल्याला मजकूर दिसतो, त्या आवाजाला नुसतं चित्र दिसतं. तो म्हणतो 'इमेज' आणि पुढे सरकतो. फोटोतली अक्षरं ओळखणारी ॲपं निघालीत, तीही तिच्याकडे होती. कागद सरळ, स्वच्छ असला तर ती बऱ्यापैकी चालतात. आमच्याकडचा कागद सरळ आणि स्वच्छ कधी असायचा?

नोट्सची वेगळीच तऱ्हा. राज्यशास्त्राच्या सरांच्या नोट्स दौंडला स्टेशनजवळच्या टायपिंगवाल्याने कधीकाळी जुन्या फॉन्टमध्ये करून दिलेल्या. पडद्यावर उत्तम मराठी दिसायचं. पण तो फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांचा, वर नुसता मराठी मुखवटा. आवाजाने तो वाचायला घेतला की 'एफ के स्लॅश डी कंस' असलं काहीतरी यायचं. सुवर्णा पहिल्यांदा ऐकून खो खो हसली. मी सरांना ऐकवलं. सर म्हणाले, "वीस वर्षं मुलं याच नोट्सवर पास होतायत."

मग शनिवारी दुपारी आम्ही दोघी बसू लागलो. मी टाइप करायची, कॉम्प्युटर वाचायचा, ती चुका पकडायची. "मॅडम, 'संविधान' दोनदा आलंय." "मॅडम, ह्या तक्त्यात कुठला आकडा कुठल्या रकान्याचा, कायबी समजंना." तिने मला शिकवलं की शीर्षकाला नुसतं ठळक करून भागत नाही, ते शीर्षक आहे असं कॉम्प्युटरला सांगावं लागतं, म्हणजे तिला चाळीस पानं न ऐकता तिसऱ्या प्रकरणावर उडी मारता येते. चित्राखाली दोन ओळी लिहाव्या लागतात. नोकरीत मला जे काही नवं शिकायला मिळालं ते या मुलीकडून. दोन वर्षांत तीन विषयांच्या सगळ्या नोट्स आम्ही अक्षरांत आणल्या. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवणार नाही.

राहिल्या नोटिसा. तिथे अण्णा आडवे आले.

अण्णा आमचे हेडक्लार्क. शिरूरचे, रोज मोटारसायकलवर भीमा ओलांडून यायचे. माणूस प्रामाणिक, पण शिक्क्यावर भारी जीव. पत्र्याच्या डबीत शिक्का, बाजूला निळं पॅड. शिक्का उठवला की त्यावर फुंकर घालायचे. आमच्याकडे प्रत्येक नोटीस आधी कॉम्प्युटरवर टाइप व्हायची, मग छापली जायची, मग सही, मग शिक्का, आणि मग स्कॅन करून साइटवर. म्हणजे अण्णांच्या कॉम्प्युटरवर अक्षरं जिवंत असायची आणि साइटवर पोचेपर्यंत त्यांचं चित्र झालेलं असायचं. शिवाय शिक्का बरोबर मजकुरावरच. रिकाम्या जागेवर मारला तर वर कुणी काहीतरी टाइप करील, अशी त्यांची भीती.

मी चिडले तर म्हणाले, "बाई, तुम्हाला आठवतं ना, त्या पोरानं सुट्टीची नोटीस टायपून ग्रुपवर टाकली होती? सगळं कालिज मोकळं झालं. प्राचार्य एकटेच हजर. शिक्क्याबिगर कागद म्हंजी कुणीबी टायपून द्यावा."

हे खरंच घडलं होतं. शेवटी मी सुवर्णाला त्यांच्या टेबलासमोर बसवलं आणि तिच्या फोनवर त्यांची ताजी नोटीस उघडली. "इमेज," फोन म्हणाला. अण्णांनी पुन्हा लावायला सांगितलं. "इमेज." अण्णा म्हणाले, "आयला, येवढं मी खपून लिहिलंय आन् ह्यो एकच शब्द?" त्या दिवशी तह झाला. शिक्क्याचा कागद फळ्यावर, आणि मूळ टाइप केलेला मजकूर पेनड्राइव्हवर माझ्याकडे, साइटसाठी. प्रत्येक नोटिशीबरोबर पेनड्राइव्ह. अण्णांनी दीड वर्ष हा शब्द पाळला. सुवर्णा भांडगावला घरी बसून नोटिसा ऐकायची आणि वर्गातल्या डोळस पोरींना सांगायची की उद्या तास नाही.

तिसऱ्या वर्षी परीक्षेच्या आधी पुन्हा समिती येणार होती. सुवर्णाचं तेव्हा ठरलं होतं. पुण्याला अंध मुलांना शिकवण्याचा कोर्स आणि तिथल्याच वसतिगृहात जागा. अट एकच, पदवीचा निकाल वेळेत हवा. मामाने मला ग्रंथालयात येऊन सांगितलं होतं, "मॅडम, यंदा पास झाली तर पुण्याला धाडतो. न्हाई झाली तर मंग माझ्यानं व्हायचं न्हाई. घरात धाकट्या दोघी हायेत, त्यांचंबी बघायचंय." वाईट माणूस नव्हता. त्याने शब्द दिला होता आणि त्याला मर्यादा घातली होती.

दिसत नसेल त्या विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक मिळतो, म्हणजे तो सांगेल तसं लिहिणारा माणूस. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो. दरवर्षी त्याची मुदत महिनाअखेरीस असायची. त्या वर्षी समितीच्या गडबडीत ऑफिसने तारीख दहा दिवस अलीकडे आणली. अण्णा धावत ग्रंथालयात आले, कागद टेबलावर ठेवला. "बाई, येवढं चढवा लगेच." पेनड्राइव्ह नव्हता. मी विचारलं. ते म्हणाले, "गडबडीत राह्यला. उद्या देतो."

माझ्यासमोर समितीला दाखवायच्या फायलींचा ढीग होता. त्यातली सर्वांत जाड फाइल कुठली, तर 'दिव्यांग विद्यार्थ्यांसाठीच्या सुविधा'. नोटीस आठ ओळींची. टाइप करायला मला पाच मिनिटं लागली असती. मी म्हटलं, आज स्कॅन टाकू, उद्या बदलू. कागद मशीनवर ठेवला, तोही थोडा वाकडा, आणि चढवून दिला. साइटवर आणि ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी समिती आली आणि तो 'उद्या' कायमचा राहून गेला.

हे लिहिताना संताप येतो. स्वतःचा. शिकलेल्या माणसाने अडाणीपणा केला तर तो जास्त वाईट असतो.

सुवर्णाच्या फोनवर दिवसाला पन्नास चित्रं यायची. शुभ सकाळची फुलं, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे बॅनर. कॉलेजच्या नोटिसा आता अक्षरांत येतात हे तिला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. त्यामुळे 'इमेज' ऐकून ती पुढे गेली. महिनाअखेरीला अर्ज घेऊन मामाबरोबर ऑफिसात आली, तेव्हा मुदत संपून दहा दिवस झाले होते.

मला बोलावणं आलं. खिडकीपाशी सुवर्णा, मामा, आत अण्णा. अण्णा सांगत होते, "यादी गेली विद्यापीठाला. नोटीस लावली होती. साइटवर पण हाय."

"न्हाई अण्णा," ती शांतपणे म्हणाली. "साइटवर न्हाई. मी रोज ऐकते."

"थांब, दाखवतो," म्हणून अण्णांनी नोटीस उघडली. तिच्या फोनवर लावली. 'इमेज.' तिने ते अक्षरं ओळखणारं ॲप लावलं. त्याने 'सर्व विद्यार्थ्यांना' एवढं म्हटलं आणि अडखळलं. तारखेवर शिक्का होता.

"कुणी चढवली ही?" तिने विचारलं.

मी बोलायला हवं होतं. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "आफिसातनं चढली गं. गडबडीत झालं." त्यांनी माझ्यावर पांघरूण घातलं आणि मी ते अंगावर ओढून घेतलं.

पुढचे दिवस मी भांडले. प्राचार्यांशी, परीक्षा केंद्राशी, विद्यापीठाशी. नियमात उशिराच्या अर्जाची सोय होती, तो नियम मी छापून, खाली रेघा मारून दिला. विद्यापीठातल्या बाई फोनवर म्हणाल्या, "कॉलेजच्या लेटरहेडवर विनंती पाठवा. सही-शिक्का करून, स्कॅन करून." मी फोन ठेवून टेबलावर मूठ आपटली. प्राचार्य म्हणाले, समितीचा निकाल आल्यावर बघू. समितीने 'सुविधा' या रकान्यात आम्हाला चांगले गुण दिले. विनंतीपत्र त्यानंतर गेलं. परवानगी आली तोवर मराठी आणि राज्यशास्त्र असे दोन पेपर होऊन गेले होते.

ते दोन पेपर सुवर्णाने सोडले नाहीत. दौंडच्या केंद्रावर पर्यवेक्षक म्हणाले, यादीत नाव नाही, लेखनिक बसवता येणार नाही, गैरहजर राहा. ती म्हणाली, "मला बसू द्या. मला लिवता येतं." आणि दोन्ही दिवशी तीन-तीन तास बसून तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. चौथीतल्या अक्षरात. ओळ सरळ राहावी म्हणून डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवून. राज्यशास्त्राच्या दिवशी मी गेटाबाहेर तिच्या मामाशेजारी उभी होते. बाहेर आली तेव्हा तिचं ते बोट निळं झालेलं होतं. म्हणाली, "राज्यशास्त्राचं सगळं आलं मॅडम. आपण टायपलेलं सगळं."

निकालात मराठीत ती काठावर पास होती. कुणीतरी परीक्षकाने डोळे फोडून तो पेपर वाचला असणार. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही, त्यांना माझा नमस्कार. राज्यशास्त्रात शून्य. आम्ही उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. ती ईमेलने आली, अर्थात स्कॅन करून. मी एकेक पान बघत गेले. ओळीवर ओळ चढलेली, कुठे उतरत मार्जिनच्या बाहेर गेलेली, दोन पानं तर एकाच पानावर लिहिलेली. पण मधूनच 'संविधान' स्पष्ट वाचता येत होतं. पहिल्या पानावर लाल शेरा होता.

"काय लिवलंय मॅडम?" ती शेजारी बसून विचारत होती.

"वाचता येत नाही, असा शेरा आहे," मी सांगितलं.

ती म्हणाली, "म्हंजी त्यास्नीबी इमेजच दिसली."

पुण्याची जागा गेली. राज्यशास्त्राचा पेपर तिने पुढच्या वर्षी लेखनिक घेऊन दिला आणि सोडवला. त्यात तिला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. पण मामाचं वर्ष संपलं होतं. आता ती भांडगावला घरी आहे. आसपासच्या गावांतली न दिसणारी चार माणसं तिच्याकडे फोन वापरायला शिकायला येतात. पुण्याला ती पुन्हा अर्ज करणार आहे, मामा अजून हो म्हणालेला नाही. कॉलेजच्या साइटवर परवाच मी बघितलं, नव्या वर्षाच्या सगळ्या नोटिसा शिक्क्यासकट वाकड्या चढलेल्या आहेत. अण्णाही निवृत्त झालेत, पेनड्राइव्ह कुणी मागत नाही. दिव्यांग कक्षाची किल्ली परत ड्रॉवरमध्ये गेली.

मी ते मानपत्र दोन्ही हातांनी घेतलं होतं, टाळ्या वाजत असताना. आणि तिचा फोन आला तेव्हा 'निरोपाचा फोटो' म्हणून टाळलं. म्हणून हा लेख. संपादकांना मी एकच अट घातली आहे. छापल्यावर पानाचा फोटो काढून कुणालाही पाठवायचा नाही. हा मजकूर मी स्वतः टाइप केला आहे आणि अंक निघण्याआधी अक्षरांतच भांडगावला पाठवते आहे. तिचा फोन भराभर वाचतो, इथवर यायला त्याला फार वेळ लागणार नाही.

सुवर्णा, अण्णांवर राग धरू नकोस. तो कागद मी चढवला होता.